शेडात उभी राहिलेली वॅगन आर: घ्यावी का, आणि कितीला

विदर्भातल्या गावात घरामागच्या टिनाच्या शेडात ताडपत्री पांघरून उभी असलेली वॅगन आर सहज दिसते. मालक वारले, मुलगा पुण्याला गेला, किंवा घरात दुसरी गाडी आली आणि ही तशीच राहिली. हे परीक्षण अशाच गाडीचं आहे: एप्रिल २०१० मध्ये आलेली आणि जानेवारी २०१९ मध्ये नवी वॅगन आर येईपर्यंत विकली गेलेली पिढी. के-१० बी पेट्रोल इंजिन, ९९८ सीसी, ३ सिलिंडर, ३५ लिटरची टाकी.

निकाल आधीच सांगतो. दोन-तीन वर्षं उभी राहिलेली गाडी घ्यायचीच असेल, तर या किमतीत हिच्याइतकी बिनधोक गाडी कमीच. इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. उभं राहून ती सडत नाही. टर्बो नाही, क्लच साध्या केबलचा, आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. जुनी अल्टो ८०० सुद्धा चालेल, पण तिचा टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता बदलायचाच हे धरून चाला. १.३ लिटर डिझेलच्या गाड्या उभ्या राहिलेल्या असतील तर टाळा. त्यांचे कॉमन रेलचे, म्हणजे मोठ्या दाबानं डिझेल सोडणारे, इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप पाण्यानं गंजले की बिल गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतं. वॅगन आरमध्येही एजीएस, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, उभी राहिलेली असेल तर सोडून द्या. तिचा ॲक्च्युएटर, म्हणजे क्लच-गिअर हलवणारं यंत्र, दुरुस्त करणारा माणूस गावात सापडत नाही.

आता मुद्दा किमतीचा. विकणारा पहिलं वाक्य बोलतो ते हे: “अजी, गाडी चाललीच कुठी! नवीच आहे.” मीटरवर ३०-३५ हजार किलोमीटर असतात आणि तो त्याचेच पैसे मागतो. पण रबर, ब्रेक ऑइल, टायर, बॅटरी आणि टाकीतलं पेट्रोल किलोमीटर मोजत नाहीत, महिने मोजतात. रोज ४० किलोमीटर चालणारी ९० हजारांची गाडी पुष्कळदा तीन वर्षं उभ्या असलेल्या ३० हजारांच्या गाडीपेक्षा तब्येतीनं चांगली असते. म्हणून कमी किलोमीटरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. मीटरचा आकडा खरा आहे का, ते मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिस नोंदीवरून कळतं. मालकाला सोबत घेऊन नोंद बघा.

गाडी बघायला जाण्याआधी फोनवर एकच विनंती करा: “काका, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, बॅटरीही लावू नका.” बरेच लोक चांगल्या मनानं आदल्या दिवशी मिस्त्री बोलावतात, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारतात आणि कोरड्या सिलिंडरवर इंजिन फिरवतात. त्यानं नुकसान होतं, आणि थंड गाडी काय सांगते ते तुम्हाला ऐकायला मिळत नाही.

पोचल्यावर बोनेट उघडण्याआधी कागद मागा. आरसी कोणाच्या नावावर आहे, ती व्यक्ती हयात आहे का, बँकेचा बोजा चढलेला आहे का, आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१०-११ च्या वॅगन आरची मुदत आता संपलेली किंवा संपत आलेली आहे. पुढच्या ५ वर्षांसाठी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासणीला नेऊन नूतनीकरण करावं लागतं. १५ वर्षांवरच्या हलक्या खासगी गाडीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झालं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. तपासणीला नेण्यासाठी गाडी चालती हवी, ब्रेक-लाइट ठीक हवेत, पत्रा शाबूत हवा. बंद गाडी आणि संपलेली नोंदणी एकत्र आली, तर नूतनीकरण विकणाऱ्यानंच करून द्यावं असा आग्रह धरा. तो तयार नसेल, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

मालक वारलेले असतील तर वारसाला ३० दिवसांत आरटीओला कळवून ३ महिन्यांत फॉर्म ३१ वर नाव चढवून घ्यायचं असतं. गावाकडे हे बहुतेक वेळा राहून जातं. काकू सही द्यायला तयार असतात, पण मुलीची ना हरकत नसते. सगळ्या वारसांचं संमतिपत्र हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. वारसाच्या नावावर गाडी आली की मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्याकडे हस्तांतर. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. कर्ज फेडून वर्षं झाली तरी बोजा आरसीवर तसाच असतो, आणि त्या पत्राला मुदत असते. जुनं पत्र दाखवतील, नवं आणायला सांगा. एम परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी यांच्या तारखा दिसतात. ई-चलान वेगळं तपासा.

सीमेवरच्या गावांत आणखी एक अडचण आहे. वरूडला पांढुर्ण्याची, यवतमाळकडे आदिलाबादची, गोंदियाला बालाघाटची गाडी स्वस्तात मिळते. परराज्याच्या गाडीला तिकडच्या आरटीओचं फॉर्म २८ चं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्ताई बहुतेक संपते. सीएनजी किट असेल तर सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, झाली आहे का बघा. उभ्या गाडीची ती हमखास चुकलेली असते.

कागद बसले की गाडी कुठे उभी होती ते नीट पाहा. यावर निम्मा निकाल लागतो. पक्क्या फरशीवर, शेडात, भिंतीपासून सुटी उभी असेल तर उत्तम. बाजूला कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग किंवा सोयाबीनची पोती असतील तर उंदीर आलेच. एअर फिल्टरच्या डब्यात, ब्लोअरमध्ये आणि डॅशबोर्डखाली घर करतात, आणि वायरवरचं प्लास्टिक कुरतडतात. एअर फिल्टरचं झाकण उघडा. आत काड्या, कापूस, लेंड्या दिसल्या तर वायरिंग पूर्ण तपासल्याशिवाय चावी फिरवू नका. ढोरांच्या कोठ्याला लागून उभी असेल तर गोमूत्राच्या ओलीनं खालचा पत्रा आणि वायरचे जोड लवकर जातात. निंबाच्या झाडाखाली, उघड्यावर असेल तर काचेखालच्या जाळीत पाला कुजून पाणी आत उतरतं. पायाखालची मॅट उचलून फोमला हात लावा, ओलसर लागला तर खालचा पत्रा टॉर्चनं बघा. अकोला-बुलढाण्याकडच्या उन्हात टायर, बुश, प्लास्टिक आधी जातं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानाच्या पट्ट्यात तळाचा पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या आधी गंजतात. चाकांच्या कमानीत चिकटलेली काळी माती पावसाळाभर ओल धरून ठेवते, म्हणून तिथे पेचकसाच्या टोकानं हलकं दाबून पाहा.

पुराची गाडी ओळखायला शिका. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या आणि जुलै २०२२ मध्ये वर्धा-चंद्रपूर भागातल्या पुरात घरापुढच्या गाड्याही बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर गाळाची रेघ दिसली, सीटच्या खालच्या रुळांना गंज आणि डिकीच्या स्टेपनीखाली बारीक गाळ मिळाला, तर किंमत विचारूही नका. इसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, आणि वायरिंग नंतर वर्षभर त्रास देतात.

मग इंजिन. सोबत हे न्या: मल्टिमीटर, टॉर्च, प्लग पाना, १० मिलीची सिरिंज, इंजिन ऑइल, पूर्ण चार्ज केलेली चांगली बॅटरी, स्वच्छ डब्यात ५ लिटर ताजं पेट्रोल आणि जॅक. जुन्या बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे बराच काळ रिकामी पडलेली. अशी बॅटरी चार्ज करून एखादा दिवस चालेल, पण आतल्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं. तिची किंमत शून्य धरा.

डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलं आहे, हेड पॅकिंगचा संशय. पेट्रोलचा वास असेल तर कोणीतरी बरेचदा सेल्फ मारून पाहिलेला आहे. रेडिएटरच्या टाकीत तपकिरी पाणी असेल तर कूलंटऐवजी साधं पाणी भरलेलं, म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही संशयात.

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास तीव्र असतो. जुन्याला आंबूस, वार्निशसारखा वास येतो. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. अर्धी भरलेली टाकी तीन पावसाळे उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. त्यामुळे टाकीतला पंप अडकणं, जाळी बुजणं, इंजेक्टर चिकटणं ही या गाडीतली सगळ्यात जास्त भेटणारी बिघाडं. चावी ‘ऑन’ केली की मागून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली तर पंप, फ्यूज किंवा वायर. जुनं पेट्रोल काढून टाकल्याशिवाय इंजिन चालू करण्याचा हट्ट धरू नका, आणि काढलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्येही घालू नका.

चालू करण्याचा क्रम पाळा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर सोडवा, तिन्ही प्लग काढा. प्रत्येक भोकात सिरिंजनं ५ मिली इंजिन ऑइल सोडा आणि किमान अर्धा तास, शक्य असेल तर रात्रभर राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हातानं हळू पुढे ढकला. इंजिन मोकळं असेल तर गाडी सरकते. चाकंच अडत असतील तर आधी हँडब्रेक बघा. इंजिन अडत असेल तर जोर लावू नका, व्यवहार तिथेच थांबवा. मोकळं फिरलं की चांगली बॅटरी लावून, भोकांवर कापड धरून, प्लगविना सेल्फ फिरवा. प्रत्येक वेळी ८-१० सेकंद, मध्ये विश्रांती. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे दाब आला. आता प्लग, कॉइल, फ्यूज परत बसवा आणि चालू करा.

पहिली दोन-तीन मिनिटं निळसर धूर येईल. तो तुम्ही घातलेल्या ऑइलचा. दहा मिनिटांनंतरही येत राहिला तर रिंगा चिकटल्या आहेत किंवा व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चेनचा खडखडाट काही सेकंदांत थांबायला हवा. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिनिटं, इंजिन चालू ठेवा. ४५ अंशांच्या उन्हात वरोऱ्याहून चंद्रपूरला जाताना हाच पंखा इंजिन वाचवतो, म्हणून तो लागलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलू नका. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासायला इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. इमोबिलायझरचा, म्हणजे चोरीविरोधी कुलपाचा, दिवा लुकलुकत राहिला तर चिपच्या किल्लीचा प्रश्न. दुसरी किल्ली मागा, नसेल तर तेही खर्चात मांडा.

ब्रेकवर मात्र पूर्ण वेळ द्या. ब्रेक ऑइल ओल शोषतं, मग मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरला आतून गंज चढतो आणि पहिल्या जोरदार ब्रेकला रबर फाटून गळती लागते. गाडी शेडात नेऊन लावताना हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर लायनर ड्रमला चिकटलेले असतात. मागची दोन्ही चाकं काढून ड्रम उघडायला लावा. पुढच्या डिस्कवरचा वरवरचा गंज चालताना जातो, पण कॅलिपरचा पिस्टन हातानं मागे ढकलला जात नसेल तर तो अडकला आहे. क्लचची प्लेटही फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबूनही गिअर किरकिर करून पडत असेल तर हेच कारण, आणि तो खर्च मोठा.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला चार आकडे असतात: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचे, बाजूला बारीक चिरा पडलेले टायर ६० च्या वेगावर, तापलेल्या डांबरावर फुटू शकतात. एकाच जागी उभं राहून पडलेला सपाट भाग थोडं चालवल्यावर गेला नाही, तर स्टिअरिंग थरथरत राहील.

हे सगळं पाहताना वहीत दोन रकाने करा: नक्की खर्च आणि संशय. उदाहरण घेऊ. तशाच वयाच्या, तशाच व्हेरियंटच्या चालत्या वॅगन आरचा तुमच्या तालुक्यातला भाव १,८०,००० असेल. नक्की खर्च अंदाजे असा: बॅटरी ४,०००, चार टायर १३,०००, ब्रेकचं पूर्ण काम ४,५००, टाकी-पंप-इंजेक्टर सफाई ४,५००, ऑइल, कूलंट, फिल्टर, प्लग आणि पट्टे ४,५००, एसीचा गॅस आणि सील २,५००, वायरिंग २,०००. झाले ३५,०००. विमा (१,००० सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे २,०९४ अधिक जीएसटी), एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, ७४५ अधिक जीएसटी, हस्तांतर, पीयूसी मिळून आणखी ५,००० धरा. संशयाच्या रकान्यात क्लच, स्टिअरिंग रॅक, शॉकप: १५,०००. उरले १,२५,०००. ही तुमची खरी किंमत. सुरुवात १,१५,००० पासून करा, १,३०,००० च्या वर जाऊ नका.

बोलताना गाडीला नाव ठेवू नका. ती बहुतेक वेळा कोणाच्या वडिलांची पहिली गाडी असते, आणि “ही तर भंगार आहे” म्हटलं की काका भाव कमी करत नाहीत, चहा संपवायला सांगतात. वही त्यांच्यापुढे ठेवा. “काका, गाडी तुम्ही जपून ठेवली, त्यात वाद नाही. पण हे ब्रेक आणि टायर बदलल्याशिवाय मी पोराबाळांना घेऊन निघू शकत नाही. हा खर्च तुम्ही तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून विचारून घ्या.” त्यांचाच मिस्त्री तोच आकडा सांगतो आणि मग घासाघीस आकड्यावर होते, मानापमानावर नाही. एकदम २० हजार कमी करा असं म्हणण्यापेक्षा एकेक बाब घेऊन उतरत जाणं जास्त लागू पडतं.

दोन भाव सांगा. एक ‘आहे तशी’: १,२५,०००, जोखीम तुमची. दुसरा ‘चालू करून, ब्रेक आणि नोंदणी करून’: १,५५,०००, जोखीम त्यांची. पुष्कळ विकणारे घरात मिस्त्री आणण्याच्या कटकटीपेक्षा पहिला भाव घेतात. गाडी चालूच झाली नाही, तर संशयाचा रकाना दुप्पट करा आणि चेसिस, पत्रा, कागद यांचीच किंमत लावा.

हंगामही बघा. दिवाळीनंतर कापूस विकून हातात पैसा आला की गिऱ्हाईक वाढतं आणि भाव ताठर होतो. जून-जुलैमध्ये पेरणीच्या पैशासाठी विकणाऱ्याला घाई असते, आणि त्याच दिवसांत पाणी कुठून गळतं तेही दिसतं. मात्र त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन १,२५,००० ची गाडी ८० हजारांत मागू नका. गाव लहान असतं आणि सही पुढे त्याच माणसाची लागणार असते. मध्यस्थ असेल तर त्याचं कमिशन कोण देणार हे आधी ठरवा.

इसार ५,००० पुरे. पावतीवर गाडी नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत कोणते कागद मिळतील, आणि कागद न मिळाल्यास इसार परत, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. उरलेली रक्कम बँकेतून द्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी फिरवत ठेवणं दोन्ही बाजूंना घातक: अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाला जाते.

घरी आणताना विमा नसलेली गाडी चालवू नका. टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. जवळच असेल आणि टोचन लावूनच नेणार असाल, तर चावी ‘ऑन’ ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, गिअर न्यूट्रल, आणि लक्षात ठेवा की इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत नसते. पेडल दगडासारखं लागतं. गॅरेजला पोचल्यावर आधी ब्रेक आणि टायर, मग इंधन, एसी सगळ्यात शेवटी. पहिलं ऑइल, सुमारे ३ लिटर, ५०० किलोमीटरवरच पुन्हा बदला, कारण उभ्या काळात बसलेला गाळ त्यातच सुटून येतो. त्याच वेळी पेट्रोलची जाळी परत उघडून बघा आणि चाकांचे नट पुन्हा आवळा.